न वळणारे सुकाणू

होडीला सुकाणू लागते, हे कोकणच्या किनाऱ्यावरल्या दहा वर्षांच्या पोरालाही कोणी समजावून सांगावे लागत नाही. वल्ही मारणारे हात कितीही बळकट असोत, मागे सुकाणू धरणारा नसेल तर होडी वाऱ्याच्या हवाली. म्हणूनच पुढील गोष्टीचे कोणालाही नवल वाटेल. जी माणसे पॅसिफिक महासागरात ताऱ्यांच्या आधाराने हजारो मैलांचा प्रवास करीत होती, ज्यांच्या तोडीचे दर्यावर्दी जगाच्या पाठीवर क्वचितच झाले, त्या हवाई बेटांतील लोकांनी लाटांवर स्वार होण्यासाठी ज्या फळ्या घडवल्या, त्यांच्या बुडाला सुकाणू नव्हते, कणा नव्हता, काही म्हणता काही नव्हते. शतकानुशतके ती फळी बुडाने गुळगुळीत राहिली. १९३५ साली एका माणसाने तिला धातूची एक पट्टी जोडली, आणि तेथून पुढच्या अर्ध्या शतकात फळीची लांबी बदलली, तिचा आकार बदलला, तिच्यावर उभे राहण्याची रीतही बदलली.

त्या पट्टीला इंग्रजीत 'फिन' म्हणतात. माशाच्या पराला जो शब्द, तोच हा. सुकाणू म्हणावे तर ही फिन फिरत नाही. ती जागच्या जागी घट्ट बसवलेली असते. वळायचे ते स्वाराने, आपल्या अंगाच्या तोलाने. म्हणून तिला न वळणारे सुकाणू म्हटले तर चालेल. आजची कथा या सुकाणूची आहे. आणि त्यातही ज्या फळीला ते एकच असते, आणि जी धड लांब नाही, धड आखूड नाही, अशा सातआठ फुटी मधल्या फळीची आहे. १९६७ साली लांब फळ्यांचे युग संपू लागले आणि या बहिणीचा उदय झाला. १९८१ मध्ये स्पर्धांच्या रिंगणात एक फिन हरली ती कायमचीच. पण ती कोणत्या लाटेवर हरली आणि कोणत्या लाटेवर अजूनही हरलेली नाही, हे पाहू लागलो म्हणजे 'सुधारणा' या शब्दाकडे आपण जरा सावधपणे पाहू लागतो.

प्रारंभ कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीपासून करू. १७७७ मध्ये कुकची जहाजे ताहितीला होती. जहाजावरचा वैद्य विल्यम अँडरसन याने एक माणूस होडीत बसून पुनःपुन्हा लाटेबरोबर किनाऱ्याकडे धावत येताना पाहिला. ती होडी आपल्या कोकणातल्या उलांडीच्या होडीची दूरची नातलग. त्या माणसाला मासे धरायचे नव्हते, कोठे जायचे नव्हते. केवळ लाटेच्या वेगाचे सुख हवे होते, हे त्या इंग्रज वैद्याच्या ध्यानात आले. पुढे १७७९ च्या फेब्रुवारीत हवाईच्या केआलाकेकुआ उपसागरात कुक मारला गेला, आणि वृत्तान्त लिहिण्याचे काम लेफ्टनंट जेम्स किंग याच्याकडे आले. फळ्यांवर पोटाशी पडून फुटत्या लाटांतून येणाऱ्या माणसांचे वर्णन त्याने केले. हा वृत्तान्त १७८४ मध्ये छापला गेला, आणि युरोपातील वाचकांना या विलक्षण क्रीडेची ओळख झाली.

हवाईत त्या काळी फळ्यांचे तीन मुख्य प्रकार होते. लहान ती पाइपो. पोटावर झोपून जाण्याची. मधली ती अलाया. पातळ, पुढे गोल, मागे सरळ कापलेली, बहुधा कोआ नावाच्या झाडाच्या लाकडाची. आणि सर्वांत मोठी ती ओलो. लांबलचक, जाड, सरदारांची मिरासदारी. अब्नेर पाकी या सरदाराच्या ओलो फळ्या होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात आजही आहेत. लांबी पंधरा फुटांच्या आसपास आणि वजन दीडशे पौंडांच्या घरात! अशी फळी पाण्यापर्यंत वाहून नेणे हेच एक व्यायामाचे काम.

मग फिनवाचून या फळ्या चालत कशा? याचे उत्तर लाटेत आहे. लांब उताराच्या, मऊ लाटेवर जड ओलो एकदा धावू लागली की तिला फारसे वळावे लागतच नसे. अलाया मात्र पातळ. ती कडेवर कलती केली की तिची धार पाण्यात रुते, आणि ती धारच सुकाणूचे काम करी. स्वाराचा मागचा पायही कधी पाण्यात ओढला जाई. अशा फळ्यांवर हवाईतील माणसे लाटेच्या उतारावरून तिरपी जात. लाट तीव्र झाली की शेपूट घसरणार, हे त्यांना ठाऊक होते. आणि घसरणे हा त्यांच्या खेळाचाच भाग होता.

या फळ्यांवर पुढे जे संकट आले त्याचा लाटांशी काही संबंध नव्हता. जहाजांबरोबर देवी, गोवर आणि इतर रोग आले, आणि त्यांना प्रतिकार करण्याची शक्ती नसलेल्या लोकांची घरेच्या घरे ओस पडली. १८९० च्या शिरगणतीत मूळ हवाईयन आणि मिश्र वंशाचे मिळून अवघे ४० हजारांच्या आसपास लोक उरले होते. १८२० पासून आलेल्या अमेरिकन धर्मोपदेशकांना हा उघड्या अंगाचा खेळ फारसा रुचणारा नव्हता. १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानी पदच्युत झाली, आणि १८९८ मध्ये अमेरिकेने बेटे ताब्यात घेतली. फळी सुधारण्याची गोष्ट दूरच राहो, ती घडवणारे हातच नाहीसे होत चालले होते. तरी धागा अगदी तुटला नाही. १८८५ मध्ये कॅलिफोर्नियात शिकायला गेलेल्या तीन हवाईयन राजपुत्रांनी सांता क्रूझ येथे तेथल्याच रेडवुड लाकडाच्या फळ्या करवून घेतल्या आणि नदीच्या मुखाशी लाटांवर स्वारी केली. परक्या किनाऱ्यावर आपल्या घरचा खेळ खेळणारी ही तीन पोरे म्हणजे पुढच्या सर्व इतिहासाची नांदीच होती.

आता थोडे लाटेविषयी. किनाऱ्यावर फुटणारी मोठी लाट तेथे जन्मलेली नसते. शेकडो, कधी हजारो मैलांवरच्या वादळात ती निर्माण होते. दर चौदा सेकंदांनी येणारी लाट घेतली, तर खोल पाण्यात तिचा वेग ताशी ८० किलोमीटरांच्या जवळपास असतो. पाणी मात्र फारसे पुढे येत नाही. ते जागच्या जागी गोल फिरते आणि प्रवास होतो तो जोराचा. पाणी उथळ झाले की लाटेचे पाय जमिनीला लागतात. तिचा वेग कमी होतो, उंची वाढते, आणि पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापट ते दीडपट उरली की ती कोसळते. त्या क्षणी दोन मीटर उंचीच्या लाटेचा वेग ताशी १८ ते २४ किलोमीटर असतो. हातांनी पाणी मारणारा माणूस ताशी पाचसहा किलोमीटरांहून फारसा जलद जात नाही. तेव्हा लाट पकडायची तर तिच्या उतारावरून फळी घसरली पाहिजे. लांब, तरंगती फळी थोड्या उतारावरही घसरते. आखूड फळीला उतार कड्यासारखा व्हावा लागतो. फळीच्या लांबीचे सारे गणित एवढ्यात आले.

लाट कशी फुटेल हे समुद्राचा तळ ठरवतो. भूशिराला वळसा घालून येणारी लाट एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे शिस्तीने, उलगडत जाणाऱ्या गालिच्यासारखी फुटते. वाळूच्या तळावरची लाट लहरी. आज येथे, उद्या तेथे, आणि पुष्कळदा एकदमच सगळीकडे कोसळणारी. प्रवाळाच्या खडकावर खोल पाण्यातून अचानक चढणारी लाट पोकळ होते. तिच्या कमानीखाली माणूस उभा राहू शकेल अशी. एकाच फळीने या तिन्ही घरी सुखाने नांदावे, ही अपेक्षा करणे म्हणजे एकाच चपलेने शेतात, सभेत आणि डोंगरावर जाण्यासारखे आहे. तरी माणूस ती अपेक्षा करतो. फळीचा इतिहास त्या अपेक्षेतूनच घडला.

विसाव्या शतकाच्या आरंभी वायकीकीच्या किनाऱ्यावर हा खेळ पुन्हा अंकुरला. त्याचा सर्वांत तेजस्वी पुरुष ड्यूक कहानामोकू. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये १०० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक त्याने मिळवले आणि १९२० मध्ये ते पुन्हा मिळवले. १९१४ च्या अखेरीस तो ऑस्ट्रेलियाला गेला तेव्हा त्याने सिडनीतच लाकूड मिळवून स्वतः फळी घडवली आणि फ्रेशवॉटर येथे लोकांना लाटांवरची स्वारी दाखवली. ती फळी अजून तेथे जपून ठेवली आहे. तिची लांबी साडेआठ फुटांच्या जरा पुढेमागे. म्हणजे आपल्या मधल्या फळीहून किंचितच मोठी. बूड मात्र गुळगुळीत.

याच ड्यूकच्या प्रभावाने हवाईला आलेला एक तरुण म्हणजे टॉम ब्लेक. जन्म १९०२, विस्कॉन्सिन राज्यातला. म्हणजे समुद्रापासून शेकडो मैल दूरचा. बिशप संग्रहालयातल्या जुन्या ओलो फळ्यांनी त्याला वेड लावले. त्याने त्यांची डागडुजी केली, त्यांच्या प्रतिकृती केल्या, आणि वजन घटवण्यासाठी आतून पोकळ फळी बनवली. १९३२ मध्ये तिचे पेटंटही त्याला मिळाले. पोकळ फळी हलकी आणि वेगवान होती, पण लाट जरा उभी झाली की तिची शेपूट सटकन बाजूला जाई. १९३५ मध्ये ब्लेकने एका टाकून दिलेल्या मोटारबोटीच्या बुडाची धातूची पट्टी काढली. फूटभर लांब, चारेक इंच खोल. ती त्याने फळीच्या शेपटीखाली बसवली. फळी जाग्यावर राहिली! जुने ते जपण्याच्या नादात माणसाने नवे शोधले, याचे याहून सुंदर उदाहरण शोधून सापडायचे नाही.

गंमत अशी की, त्याच बेटावर तेच दुखणे दुसऱ्या काही तरुणांना छळत होते आणि त्यांनी उलट औषध काढले. १९३७ मध्ये जॉन केली, फ्रॅन हीथ आणि वॉली फ्रॉइसेथ हे मित्र मोठ्या लाटांत पुनःपुन्हा घसरून पडत होते. केलीने सरळ कुऱ्हाड घेतली आणि हीथच्या चांगल्या फळीची शेपूट दोन्ही बाजूंनी तासून निमुळती केली. मित्राच्या मालावर कुऱ्हाड चालवायला धैर्य लागते. पण इलाज लागू पडला. अरुंद शेपूट पाण्यात खोल बसली आणि फिन नसतानाही फळीने लाटेची भिंत धरली. एकीकडे फिन, दुसरीकडे निमुळती शेपूट. ही दोन उत्तरे पुढे एकाच फळीत एकत्र यायची होती. त्याला आणखी तीस वर्षे लागली.

मधल्या काळात काय झाले ते थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतू आणि राळ ही नवी सामग्री आली. बाल्सा लाकूड आले. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फेसाच्या फळ्या यशस्वी केल्या आणि लाकडाचे दिवस संपले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकच्या निमित्ताने अमेरिकन जीवरक्षक आपल्या फिनच्या फळ्या घेऊन ऑस्ट्रेलियात गेले. तेथल्या सोळा सोळा फुटी पोकळ फळ्या एका हंगामात म्हाताऱ्या वाटू लागल्या. १९५७ मध्ये 'गिजेट' ही कादंबरी आली आणि १९५९ मध्ये तिच्यावर चित्रपट. मग तर समुद्र न पाहिलेली पोरेही फळीची स्वप्ने पाहू लागली. या काळातली फळी साडेनऊ-दहा फुटांची, जड, एका मोठ्या फिनची. तिच्यावर पावले टाकीत पुढच्या टोकापर्यंत चालत जाणे ही कलेची परिसीमा मानली जाई.

या दरबारी चालीला पहिला धक्का बसला १९६६ मध्ये. सान दिएगोच्या जागतिक स्पर्धेत ऑस्ट्रेलियाचा नॅट यंग नऊ फूट चार इंचांच्या, नेहमीहून पातळ फळीवर आला आणि जिंकला. पुढच्या टोकावर उभे राहून मिरवण्यापेक्षा लाटेवर वर-खाली जोरदार वळणे घेणे त्याने पसंत केले. त्याच्या फळीची फिन जॉर्ज ग्रीनो या कॅलिफोर्नियाच्या विक्षिप्त, अनवाणी कारागिराच्या विचाराची होती. मागे झुकलेली, टोकाला निमुळती, जलद पोहणाऱ्या माशाच्या परासारखी. जुनी फिन म्हणजे रुंद फावडे. हिचे टोक किंचित लवचीक, वळताना वाकणारे आणि सरळ होताना स्वाराला पुढे रेटणारे.

१९६७ मध्ये सिडनीत बॉब मॅकटॅव्हिशने फळी आणखी आखूड केली, शेपूट रुंद ठेवली आणि बुडाला मागच्या बाजूस उलट्या छपरासारखा खोल कोन दिला. त्या वर्षअखेर तो ती घेऊन हवाईला गेला. सनसेट बीचच्या मोठ्या लाटांत रुंद शेपटीची ही फळी भिंतीवर टिकेना. ती गर्रकन फिरे आणि स्वार पाण्यात. पाहणाऱ्यांनी नाके मुरडली. पण त्याच डिसेंबरात माउई बेटावरच्या होनोलुआ उपसागरात, भूशिराला वळसा घालून येणाऱ्या लांब, सुबक लाटांवर त्याच घडणीच्या फळ्यांवर मॅकटॅव्हिश आणि यंग यांनी जी वळणे घेतली, ती पाहून जुन्या चालीचे दिवस भरल्याचे सर्वांना कळून चुकले. स्वार तेच आणि महिनाही तोच. बदलली होती ती लाट.

त्यानंतर दोन वर्षे आखूडपणाचे वेड लागले. आठ फूट, सात फूट, सहा फूट, त्याच्याही आत! फॅशनचे हे असेच असते. केस असोत की फळी, कात्री कोठे थांबवावी हे कळत नाही. तिला लगाम घातला १९७० च्या जागतिक स्पर्धेने. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया प्रांतातील जोहाना येथे मोठ्या लाटा चढल्या होत्या. यजमान देशाचे नामांकित वीर अगदी आखूड फळ्या घेऊन उतरले आणि लाटेच्या वेगापुढे मागे पडू लागले. रोल्फ ऑर्नेस हा कॅलिफोर्नियाचा तरुण जवळजवळ सात फुटांची एका फिनची फळी घेऊन आला होता. लाटेच्या पुढे तो जो निघाला तो स्पर्धा जिंकूनच थांबला. मधली फळी म्हणजे तडजोड नव्हे, तिला स्वतःचे असे स्थान आहे, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

ते स्थान कोणते, हे आता लाटेलाटेने पाहू.

लाट लहान आणि मऊ असेल, तर सातआठ फुटी फळीचा मोठा गुण म्हणजे ती लवकर निघते. आखूड फळीचा स्वार अजून हात मारीत असतो, तोवर हिचा स्वार उभा राहून उतार निवडू लागलेला असतो. एकच सरळ उभी फिन पाण्याला अडथळा कमी करते, म्हणून एकदा मिळालेला वेग हळूहळूच जातो. उणीव अशी की, वेग संपला तर तो उसना मिळत नाही. तीन फिनच्या फळीच्या बाजूच्या फिन किंचित आत वळवलेल्या असतात. स्वार डावी-उजवीकडे झटके देऊन त्यांच्यापासून वेग पिळून काढतो. एका फिनला हे पिळणे मानवत नाही. तेथे स्वाराने एक पाऊल पुढे सरकावे, फळी सपाट करावी आणि लाटेचा जोरदार भाग कोठे आहे तो शोधीत जावे.

भूशिरावरची लांब लाट हे तर हिचे माहेर. लाट एका शिस्तीने उलगडत असते, घाई नसते, आणि फळीची लांब कड पाण्यात रुतून मोठी, गोलाकार वळणे काढते. वळण फिनवर नव्हे, कडेवर घेतले जाते. फिन केवळ शेपूट धरून ठेवते. मधेच झटका दिला तर फळी रुसते. लाटेने वेळ दिला आणि स्वाराने तो घेतला, तर हिच्यासारखी चाल दुसरीला नाही.

वाळूच्या तळावरची आखूड, तीव्र लाट म्हणजे हिचे सासर. लाट इतकी झटकन उभी राहते की लांब पुढचे टोक तिच्या बाकात मावत नाही. ते पाण्यात खुपसले जाते आणि स्वार डोक्यावरून उडतो. सरळ खाली न जाता पहिल्यापासून तिरपे निघावे, हा एक उपाय. पण लाट जर एकदमच सगळी कोसळणारी असेल तर तिरपे जाऊन तरी काय उपयोग! येथे आखूड फळीला मान दिलाच पाहिजे.

खडकावरची पोकळ लाट ही खरी परीक्षा. उभ्या भिंतीवर फळी कडेवर झुकते, आणि मध्यभागी असलेली फिन वर उचलली जाते. शेपूट रुंद असेल तर फिन पाण्याबाहेरच निघते आणि फळी फिरते. सनसेटला मॅकटॅव्हिशच्या फळीचे जे झाले, ते याच जातीचे. शेपूट सुईसारखी निमुळती केली तर फिन कडेच्या जवळ, पाण्यात खोल राहते. १९३७ ची कुऱ्हाड आणि १९३५ ची पट्टी येथे एकत्र नांदू लागली. ओआहू बेटावरच्या पाइपलाइन या भयंकर लाटेवर जेरी लोपेझ अशाच निमुळत्या, एका फिनच्या फळीवर उभा राही, आणि इतका निवांत की वरून टनावारी पाणी कोसळत आहे याची त्याला दखल नसावी असे वाटे. १९७२ आणि १९७३ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने तेथली स्पर्धा जिंकली.

वाऱ्याने पाणी खडबडीत झाले असेल तेव्हा या फळीचे थोडे जास्तीचे वजन आणि लांबी उपयोगी पडते. हलकी फळी जेथे थरथरते तेथून ही इस्त्री फिरवल्यासारखी जाते. शिवाय हिच्यात एक सोय आहे. फिन ज्या खाचेत बसते ती खाच लांब असते, म्हणून फिन मागे-पुढे सरकवता येते. मागे सरकवली की पकड वाढते, मोठ्या लाटेला बरे. पुढे सरकवली की फळी मोकळी वळते, लहान लाटेला बरे. फळी जितके फूट तितके इंच फिन, असा कारागिरांचा ढोबळ हिशेब आहे. अर्धा इंच इकडे-तिकडे झाला तर स्वाराच्या पायाला तो लगेच समजतो.

मग अशी गुणी फळी हरली कशी? स्पर्धा बहुधा ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या किनाऱ्यावर होतात, आणि त्या दिवशी समुद्र बहुधा लहान, लहरी लाटाच देतो. परीक्षक गुण देतात ते थोड्या वेळात घेतलेल्या जोरदार वळणांना. १९७७ च्या सुमारास ऑस्ट्रेलियाचा मार्क रिचर्ड्स दोन फिनची आखूड फळी घेऊन आला आणि १९७९ ते १९८२ असा सलग चार वेळा जगज्जेता झाला. लहान लाटेत ती चपळ होती. मोठ्या लाटेत निसटे. सायमन अँडरसन हा उंच, धिप्पाड गडी. दोन फिनची फळी त्याला पेलेना आणि एका फिनवर लहान लाटेत तो मागे पडे. १९८० च्या अखेरीस त्याने तीन सारख्या फिन बसवल्या. दोन कडांजवळ, एक मागे मध्यावर. भिंतीवर झुकताना कडेजवळची फिन पाण्यातच राही, मागची शेपूट धरी, आणि वेगही पिळून काढता येई. १९८१ च्या ईस्टरमध्ये बेल्स बीचला प्रचंड लाटांत तो जिंकला. त्याच वर्षी पाइपलाइनलाही जिंकला. या कल्पनेचे पेटंट मात्र त्याने घेतले नाही. काही वर्षांतच जगभर तीन फिनच्या फळ्या झाल्या आणि हजारो एकफिनी फळ्या माळ्यावर, पडवीत, कुंपणाशी जाऊन पडल्या.

येथेच कथा संपती तर ती पाठ्यपुस्तकातल्या धड्यासारखी नीटनेटकी झाली असती : आधी काही नव्हते, मग एक आली, मग दोन, मग तीन, आणि सर्व सुखी झाले. पण समुद्र पाठ्यपुस्तके वाचत नाही. गेल्या काही दशकांत माळ्यावरच्या त्या फळ्या पुन्हा खाली उतरल्या, आणि तशा नव्याही घडू लागल्या. कारण साधे आहे. लाटांवर जाणाऱ्या हजारो माणसांपैकी स्पर्धेत उतरणारे मूठभर. उरलेल्यांना परीक्षकांचे गुण नको असतात. त्यांना आज समोर जी लाट आहे तिच्यावर सुखाने जायचे असते. चाळिशी-पन्नाशीच्या माणसाला लवकर निघणारी फळी बरी वाटते, हे खरे. पण विशीतली मुलेही तिच्याकडे वळतात, कारण तीन फिनवर लपलेली चूक एका फिनवर उघडी पडते. लाट वाचता आली नाही तर ही फळी पुढे जात नाही. आणि वाचता आली तर स्वाराला फार काही करावे लागत नाही.

एवढ्यावरही चक्र थांबले नाही. २००५ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या टॉम वेगनर या कारागिराने बिशप संग्रहालयातल्या जुन्या अलाया फळ्यांवरून नव्या अलाया बनवायला आरंभ केला. पातळ लाकूड, गुळगुळीत बूड, फिन मुळीच नाही! त्यांच्यावर स्वार झालेल्यांना असे आढळले की योग्य लाटेवर ती आश्चर्यकारक वेगाने जाते, कारण पाण्यात ओढ लावणारे काही नसतेच. शेपूट घसरते, पण घसरण्यातही एक विद्या आहे. जी फळी दोनशे वर्षांपूर्वीच्या दर्यावर्द्यांना पाहुण्याने पाहिली ती अपुरी, प्राथमिक असावी असा सगळ्यांचा समज होता. ती अपुरी नव्हती. तिच्या लाटांसाठी ती पुरेपूर होती, आणि ते ज्ञान ज्या हातांत होते ते हात रोगराईने आणि राज्यबदलाने गमावले, म्हणून ते पुन्हा शोधावे लागले.

ब्लेकने फिन बसवली तेव्हा त्याने हवाईयन फळीतली खोट काढली असे म्हणणे म्हणूनच बरोबर नाही. ज्या लाटेवर तिला नेण्याची इच्छा त्याला झाली, त्या लाटेसाठी त्याने तिला एक नवे साधन दिले. पुढे प्रत्येकाने तेच केले : मॅकटॅव्हिशने होनोलुआसाठी, लोपेझने पाइपलाइनसाठी, अँडरसनने आपल्या अवाढव्य देहासाठी आणि लहान लाटेसाठी. या साऱ्यांच्या मधोमध ती सातआठ फुटी एका फिनची फळी उभी आहे. कोणत्याही एका लाटेत सर्वांत श्रेष्ठ नाही म्हणा, पण बहुतेक लाटांत आपले काम चोख करणारी. कोणत्या दिवशी कोणती फळी पाण्यात न्यायची, हे अजूनही सकाळी किनाऱ्यावर उभे राहून, लाटेकडे पाहूनच ठरवावे लागते.